पीक खत कसं खातं आणि खत टाकूनही पिवळं का पडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात तेच इथे एकत्र केलेत. निम्म्या लोकांचा पहिला मेसेज म्हणजे पिवळ्या पानाचा फोटो आणि खाली "काय मारू?" एवढंच. त्यामुळे आधी थोडं मुळाचं, मग पोत्याचं. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. पिकाला नेमकी किती अन्नद्रव्यं लागतात? एनपीके टाकलं की झालं ना?

नाही झालं. एकूण १७ लागतात. त्यातले कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हवेतून आणि पाण्यातून फुकट मिळतात. उरलेली १४ मातीतून येतात: नत्र, स्फुरद, पालाश (हेच एनपीके) ही मुख्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक ही दुय्यम, आणि लोह, जस्त, मंगल (मँगनीज), तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल ही सूक्ष्म. निकेल यादीत आलं ते १९८७ मध्ये, सगळ्यात शेवटी, आणि ते लागतं कशाला तर पानात युरिया फोडणाऱ्या एन्झाइमला. दुय्यम म्हणजे दुय्यम दर्जाचं असं नाही हो, फक्त मुख्यपेक्षा कमी लागतं. आणि सूक्ष्म म्हणजे एकरी ग्रॅममध्ये किंवा फार तर किलो-दोन किलोत लागणारं, पण ते नसलं तर बाकीची पोती वाया.

२. मूळ खत "खातं" म्हणजे नक्की काय करतं?

मूळ दाणा खात नाही, पाण्यात विरघळलेला आयन, म्हणजे विद्युतभार असलेला बारीक कण, घेतं. मुळापाशी तो दोन मुख्य रस्त्यांनी पोचतो. पहिला, पान पाणी उडवतं म्हणून मूळ पाणी ओढतं आणि त्या पाण्याबरोबर नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहत येतात. दुसरा, मुळाजवळची माती रिकामी झाली की जास्त आहे तिकडून कमी आहे तिकडे सरकत येणं, स्फुरद आणि पालाश बहुतेक असेच येतात. यात स्फुरद महा आळशी, पूर्ण हंगामात काही मिलिमीटरच सरकतो, म्हणून डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) सरीवर फेकण्यापेक्षा बियाच्या खाली-बाजूला पेरून द्या असं सगळे ओरडून सांगतात.

मुळापाशी आलेला आयन आत ओढायला मुळाला ताकद खर्च करावी लागते, ती ताकद श्वासातून येते आणि श्वासाला ऑक्सिजन लागतो. म्हणून वापसा, म्हणजे मातीत ओलही आणि हवाही. रान चिबडलं की खत पाण्यात आहे, मूळ पाण्यात आहे, तरी पीक उपाशी. सकाळी रोप उपटून बघा, पांढरी मुळी दिसली तर जेवण चालू आहे, सगळी तपकिरी दिसली तर आधी मुळी चालवा, खताचं नंतर बघू.

३. माती परीक्षणात भरपूर आहे लिहिलंय, मग पिकात का येत नाही?

कारण जमिनीत असणं वेगळं आणि पिकाला लागू होणं वेगळं. आपली काळी माती बेसाल्टपासून बनली, त्यात लोह टक्क्यांत मोजावं इतकं आहे. पण पीएच ८ च्या पुढे आणि वर चुनखडी असली की ते लोह पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. जस्त, मंगल यांचंही तेच, आणि स्फुरद चुन्याला धरून बसतो. बँकेत पैसे आहेत पण एटीएम बंद, असं समजा.

लागू न होण्याची दुसरी कारणं म्हणजे रान कोरडं पडणं (पाणी नाही तर वाहून आणणार कोण), थंडी (जानेवारीत स्फुरद घेणं मंदावतं, कोवळ्या मक्याची पानं जांभळी पडतात ते त्यामुळेच), आणि भांडण, म्हणजे एका अन्नद्रव्याने दुसऱ्याला अडवणं. भांडणाचं प्रश्न ७ मध्ये.

४. पान पिवळं पडलंय, काय कमी आहे ते कसं ओळखू?

पहिला प्रश्न: जुनं पान की नवं? बाकी सगळं त्याच्यानंतर.

नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम झाडात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, म्हणून लक्षण खाली दिसतं. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा बसले की हलत नाहीत, म्हणून त्यांचं लक्षण शेंड्याला. गंधक आणि जस्त यांच्या मधले, पण साधारण नव्या पानाकडेच बघायचं.

मग पानाचा पॅटर्न. खालचं पान सगळंच फिकट पिवळं, तर नत्र. खालच्या पानाच्या कडा करपल्यासारख्या, तर पालाश. खालच्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर मॅग्नेशियम. तेच शेंड्याच्या पानात, शिरा बारीक हिरव्या जाळीसारख्या आणि बाकी पान लिंबासारखं, तर लोह. शेंड्याची पानं बारकी आणि पेरं आखूड, तर जस्त. शेंडा जळतो, फळ तडकतं, देठ पोकळ होतो, असलं काही दिसलं तर बोरॉन-कॅल्शियमकडे संशय घ्या.

फोटो पाठवताना निदान अख्खं झाड तरी दाखवा राव. एकच पान हातात धरून काढलेल्या फोटोवरून ते वरचं की खालचं हे मला कसं कळणार?

५. पिवळं आहे पण कमतरता नाही, असं होतं का?

होतं, आणि भरपूर वेळा होतं. जुलैत सलग पाऊस झाला की सोयाबीन पिवळं पडतं, दुकानात मायक्रोन्यूट्रिएंटची झुंबड उडते, आणि चार दिवस ऊन पडून वापसा आला की फवारलेलं आणि न फवारलेलं दोन्ही हिरवं होतं. श्रेय बाटलीला.

सोयाबीनमध्ये पिवळ्या-हिरव्या ठिगळांची वेडीवाकडी नक्षी असेल, आणि तीही शेतात एखाद-दुसऱ्या झाडावर तुरळक, तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्याला कोणतंच खत चालत नाही. कमतरता सहसा पट्ट्यात किंवा सगळ्या रानात सारखी दिसते. तणनाशकाचा झटका, सूत्रकृमीच्या गाठी, मुळकूज हेही तसंच पिवळं दाखवतात. म्हणून पुन्हा तेच, एक झाड उपटा आणि मुळं बघा.

६. उसाला केवडा पडलाय, हिराकस टाकलं तरी हिरवा होत नाही, का?

केवडा म्हणजे लोहाची कमतरता, नवी पानं पिवळी-पांढरी पट्टेदार. खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) आणि चुनखडीच्या रानात जास्त. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, १९ टक्के लोह. ते तसंच चुनखडीच्या मातीत फेकलं की बघता बघता गंजतं आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या अडकलेल्या लोहात जाऊन मिळतं. म्हणजे ज्या गोदामाचा माल बाहेर येत नाही त्याच गोदामात तुम्ही अजून एक पोतं ठेवलंत.

चालतं ते असं. एक, हिराकस दहापट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस ओलसर मुरू द्या आणि मग मुळाजवळ द्या, हेक्टरी २५ किलो. दोन, फवारणी: लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, कारण लोह हलत नाही आणि प्रत्येक नव्या पानाला नवं लागतं. तीन, चिलेट, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं लोह. इथे दुकानदाराला नाव विचारा. ईडीटीएवालं लोह पीएच साडेसहाच्या वर मातीत टिकत नाही, ते फवारणीला ठीक. चुनखडीच्या रानात ड्रिपमधून द्यायचं तर ईडीडीएचए, लालभडक रंगाचं, महाग असतं पण पीएच ९ ला पण टिकतं. दोन्हीच्या पाकिटावर "चिलेटेड आयर्न" एवढंच मोठ्या अक्षरात असतं, बारीक अक्षर वाचा.

आणखी एक गंमत आहे, मूळ नायट्रेट घेतं तेव्हा आजूबाजूचा पीएच वाढतो आणि अमोनियम घेतं तेव्हा उतरतो. म्हणून अशा रानात नत्राचा एखादा हप्ता अमोनियम सल्फेटमधून दिला तर मुळाच्या अगदी जवळची माती थोडी आंबट होऊन लोह सुटायला मदत होते. आणि पाणी कमी द्या. चुनखडीच्या ओल्या मातीत बायकार्बोनेट वाढतं, केवडा अजून वाढतो.

७. एक खत जास्त झालं की दुसरं अडतं म्हणतात, ते कसं?

पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम हे सगळे धन भाराचे. पालाश आणि अमोनियम आत घुसण्यात तरबेज, त्यांची गर्दी झाली की कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतात. द्राक्षात हे दरवर्षी बघतो: घड फुगावा, साखर भरावी म्हणून ०:०:५० (आकडे नत्र:स्फुरद:पालाशचे टक्के, म्हणजे नुसतं पालाश) वर ०:०:५०, आणि मग खालच्या पानात शिरांच्या मध्ये पिवळं. शेतकरी म्हणतो मॅग्नेशियम कमी आहे. मॅग्नेशियम कमी नाहीये दादा, पालाश जास्त आहे.

दुसरी जोडी स्फुरद आणि जस्त. वर्षानुवर्षं एकरी दोन-तीन पोती डीएपी टाकणाऱ्या रानात जस्ताची लक्षणं दिसतात. तिसरी, लोह आणि मंगल. म्हणून "सगळं थोडं थोडं जास्तच टाकू, वाया थोडीच जाणार" हे गणित चुकतं. जास्तीचं नुसतं वाया जात नाही, शेजाऱ्याचा रस्ता अडवतं.

८. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो, कॅल्शियम सोडलं तरी थांबत नाही.

कारण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम कमी नसतंच, चुनखडीच्या रानात तर नाहीच नाही. कॅल्शियम फक्त पाण्याच्या नळीतून, पान जितकं पाणी उडवेल तितकंच वर जातं. पान भसाभसा पाणी उडवतं, फळ उडवत नाही, त्यामुळे कॅल्शियम पानाकडे पळतं आणि फळाचं बूड उपाशी. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस कोरडं असं झालं की फळ मोसंबीएवढं झाल्यावर नव्हे, गोटीएवढं असतानाच घाव बसतो, आपल्याला तो दिसतो नंतर.

तेव्हा पाणी रोज थोडं थोडं, मल्चिंग, अमोनियम आणि युरिया आवरता, पालाश प्रमाणात. कॅल्शियम नायट्रेट द्या, पण कोवळी फळं असतानाच. डाग पडलेलं फळ सुधारत नाही, तोडून टाका. फवारणीतलं कॅल्शियम पानावर पडलं तर पानातच राहतं, फळापर्यंत उतरत नाही, म्हणून फवारा फळावर बसला पाहिजे.

९. मग भुईमुगाला जिप्सम मातीत का देतात? तिथे पण पाणीच सांभाळायचं ना?

इथे नियम उलटा आहे. भुईमुगाची शेंग मातीत असते, ती पाणी उडवत नाही, त्यामुळे मुळाने घेतलेलं कॅल्शियम तिच्यापर्यंत येतच नाही. आरी (फुलानंतर खाली वाढणारा, टोकाला शेंग धरणारा देठ) मातीत घुसली की आरी आणि कोवळी शेंग स्वतःच आजूबाजूच्या मातीतून कॅल्शियम शोषतात. म्हणून जिप्सम आऱ्या सुटताना, झाडाच्या बुडाशी, वरच्या दोन-तीन इंच थरात. खोल पेरून उपयोग नाही. कमी पडलं की टरफल मोठं आणि आत दाणा नाही, ज्याला आपण पोचट शेंगा म्हणतो. जिप्सममधलं गंधक तेलाला कामी येतं ते वेगळं.

१०. कपाशीवर लाल्या आलाय, कुठलं औषध?

लाल्या रोग नाही, औषध नाही. बोंडं भरताना झाड जुन्या पानांतून नत्र आणि मॅग्नेशियम ओरबाडून बोंडाला देतं, वर हलकं रान, पाण्याचा ताण किंवा रात्रीची थंडी असली की पानं लाल. बोंडं जास्त लागलेल्या झाडावर जास्त दिसतो, यातच सगळं आलं. आधी पान उलटं करून बघा, खाली तुडतुडे असतील आणि कडा मुडपून लाल झाल्या असतील तर प्रकरण वेगळं, ते किडीचं.

नसतील तर लिटरला १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २ टक्के युरियाची फवारणी. लाल झालेलं पान परत हिरवं होणार नाही, वरची वाचतील. हलक्या रानात दरवर्षी येतो त्यांनी पुढच्या वेळी लाल्या दिसायची वाट न बघता फुलं-पात्या लागतानाच हे करावं आणि मॅग्नेशियम जमिनीतूनही द्यावं.

११. शिफारस किलोत असते, मी पोती किती आणू?

सुरू उसाची शिफारस घ्या, हेक्टरी २५०:११५:११५ किलो. अडीचने भागा, एकरी १००:४६:४६. डीएपी म्हणजे १८:४६, म्हणजे १०० किलोत ४६ किलो स्फुरद. दोन पोत्यांत स्फुरद संपला आणि १८ किलो नत्रही आलं. उरलं ८२ किलो नत्र, युरियात ४६ टक्के, म्हणून १७८ किलो, युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं, झाली चार पोती. पालाश ४६ किलो, पोटॅशमध्ये ६० टक्के, म्हणून ७७ किलो, दीड पोतं. सगळं एकदम नाही, युरिया हप्त्याने आणि मातीआड. उघड्यावर पडलेला युरिया चुनखडीच्या गरम रानात अमोनिया होऊन उडतो, नाकाला वास येतो तो आपल्याच पैशाचा.

हीच जुळवाजुळव सुपर फॉस्फेटने केली तर पोती जास्त लागतात कारण त्यात स्फुरद १६ टक्केच, पण ११ टक्के गंधक आणि बरंच कॅल्शियम बरोबर येतं. कांदा, भुईमूग, सोयाबीनला मला तेच जास्त पटतं.

१२. ड्रिपच्या टाकीत काय काय एकत्र चालतं?

एकच पाठ करा: कॅल्शियम नायट्रेट एकटं. फॉस्फेटबरोबर (१२:६१:०, ०:५२:३४) नाही, सल्फेटबरोबर (०:०:५०, मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट) नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. संध्याकाळी लाइट जायच्या घाईत ०:५२:३४ च्या टाकीत मीच कॅल्शियम नायट्रेट ओतलं होतं, दोन मिनिटांत पाणी ताकासारखं झालं, वाटलं ढवळलं की विरघळेल, ढवळलं, सोडलं. सकाळी दीड एकर टोमॅटोच्या ड्रिपर्सपैकी निम्मे बंद, आत पांढरी साय. अ‍ॅसिड सोडून सोडून आठ दिवस गेले आणि काही लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या नळ्या) शेवटी बदलाव्याच लागल्या. तेव्हापासून नवं काही मिसळायचं तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात, बोअरच्याच पाण्यात, तासभर ठेवून बघतो. ढगाळ झालं की नाही सोडायचं. बोअरचं पाणी जड असेल तर नुसतं १२:६१:० सुद्धा गढूळ होऊ शकतं, तिथे आधी पाण्याचा पीएच उतरवावा लागतो.

१३. फवारणीतूनच सगळं खत दिलं तर? जमिनीत टाकायचं टेन्शनच नको.

हिशोब करा. २ टक्के युरिया, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे ४ किलो युरिया, म्हणजे १.८४ किलो नत्र. वरच्या उसाला १०० किलो पाहिजे. किती फवारण्या मारणार? नत्र-स्फुरद-पालाशची फवारणी म्हणजे सलाइन, जेवण नव्हे. रान चिबडलंय, मुळी बंद आहे, अशा वेळी तिचा खरा उपयोग. सूक्ष्मद्रव्यांचं मात्र उलट, ती लागतातच ग्रॅममध्ये, तिथे दोन फवारण्यांत काम होऊन जातं.

१४. माती परीक्षणाचा रिपोर्ट आला, कुठे बघू?

आधी नमुना नीट घेतला होता का ते आठवा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी घेतलेला नको, खत टाकल्यावर लगेच घेतलेला नको, आणि कृपा करून खताच्या जुन्या गोणीत भरलेला नको, असे रिपोर्ट पाहिलेत ज्यात पालाश आभाळाला टेकलेला असतो. इंग्रजी व्ही सारखा २० सेंटिमीटर खड्डा, बाजूची माती तासून, आठ-दहा ठिकाणची एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. फळबागेला खोलीप्रमाणे वेगवेगळे नमुने.

रिपोर्टमध्ये पहिली नजर पीएच, ईसी आणि मुक्त चुन्यावर, नत्राच्या आकड्यावर नाही. ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) १ च्या आत असला तर क्षाराची काळजी नाही. सेंद्रिय कर्ब ०.५ च्या खाली म्हणजे कमी. जस्त ०.६, लोह ४.५, बोरॉन ०.५ पीपीएम याच्या खाली असेल तर ते द्यायला कारण आहे, वर असेल तर "टॉनिक" म्हणून टाकू नका, बोरॉन तर नाहीच, त्यात पुरेसं आणि विषारी यातलं अंतर फार थोडं. मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली, तिच्यात असे १२ घटक येतात. कार्ड घरात फ्रेम करून ठेवलेले लोक मला माहिती आहेत, ते कार्ड दुकानात घेऊन जायचं असतं.

१५. पाचट कुजवलं, शेणखत टाकलं, तरी खोडवा पिवळा. सेंद्रियाने उलटंच झालं?

पाचटात (उसाच्या वाळक्या पानांत) कर्ब खूप, नत्र नगण्य. ते कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं, ते मातीतलं उचलतात आणि पिकाच्या आधी पंगतीला बसतात. कुजून झालं की तेच नत्र परत मिळतं, पण मधले दीड-दोन महिने ऊस पिवळा. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकायला सांगतात. अर्धकच्च्या शेणखताचंही असंच. पाचट जाळायचा सल्ला मात्र माझ्याकडून मिळणार नाही.

१६. द्राक्षाला माती परीक्षण असताना देठ परीक्षण वेगळं कशाला?

मातीचा रिपोर्ट ताटात काय वाढलंय ते सांगतो, देठाचा रिपोर्ट पोटात काय गेलं ते. खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. सगळ्या प्लॉटमधून फिरत फिरत शंभरेक देठ घ्या, पात फेकून द्या, फवारणीच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका. प्रश्न ७ मधलं पालाश-मॅग्नेशियमचं भांडण पकडायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

१७. पीएसबी, मायकोरायझा, ह्युमिक यांनी खत कमी करता येतं का?

थोडं. पीएसबी हे जिवाणू अडकलेला स्फुरद सोडवतात, नवा आणत नाहीत. मायकोरायझाची बुरशी मुळाच्या पुढे तंतू पसरवून मुळाचा हात लांब करते, स्फुरद आणि जस्तासाठी हे खरंच कामाचं, पण भरपूर डीएपी दिलेल्या रानात झाड तिला विचारतच नाही, आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळाशी तिचं जमतच नाही, तिथे पैसे घालवू नका. ह्युमिक मदतनीस आहे, खत नाही.

१८. आमचं रान कोकणात आहे, हे सगळं आम्हाला लागू आहे का?

मुळाचं लागू, मातीचं जवळजवळ उलटं. जांभ्याची माती आंबट, पाऊस धो धो, कॅल्शियम-मॅग्नेशियम-पालाश धुऊन जातात. स्फुरद इथेही अडकतो पण चुन्यात नाही, लोह आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये. भाताच्या खाचरात पाणी साचलं की ऑक्सिजन संपतो, पीएच उदासीनकडे सरकतो, थोडा स्फुरद सुटतो, आणि लोह विरघळून इतकं होतं की सखल खाचरात पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येऊन भात खुरटतो. देशावर उसाला जे लोह मिळत नाही ते इथे भाताला विष होतं. गोव्यातल्या जांभ्याच्या सखल शेतातही हेच. उपाय म्हणजे खाचरातलं पाणी मध्येच दोन-चार दिवस काढून हवा खेळू देणं, पालाश नीट देणं, आणि माती तपासून मगच चुना. तिथे हिराकस घेऊन येणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.